लांब्याची टाच

ठोक्या खुर्च्यांचं गादीकाम करायचा. सुतार लाकडाचा नुसता सांगाडा आणून टाकी, आणि त्यावर पट्टे ताणून, स्प्रिंगा बांधून, काथ्या आणि फोम भरून, वर कापड चढवून त्याला बसण्याजोगं करणं हे ठोक्याचं काम. बारीक खिळ्यांची चिमूट तो तोंडात भरायचा, जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकाने उचलायचा आणि एका घावात बसवायचा. तोंडात खिळे असले की बोलता येत नाही, आणि बोलत नसलेल्या माणसाशी लोकही फारसं बोलायला जात नाहीत. ठोक्याला हे फार सोयीचं होतं. त्याला ऐकू येत नव्हतं, आणि ते कुणाला कळू नये अशी त्याची इच्छा होती.

हातोडीमुळे त्याला ठोक्या म्हणतात असं गिऱ्हाइकांना वाटायचं. खरं तर नाव हातोडीच्या आधीचं. तरुणपणी त्याने, लांब्याने आणि भोंग्याने मिळून ‘बिनपगारी’ नावाचा पंक बँड काढला होता. भोंगा गिटार वाजवत ओरडायचा, लांब्या बास वाजवायचा आणि ठोक्या ड्रम बडवायचा. गाणी घरमालकावर, मुकादमावर, बंद पडलेल्या कारखान्यावर. सूर दोन किंवा तीन, त्याहून जास्त कुणाला येतही नव्हते. पण बिनपगारीची एक खासियत होती, आणि तिच्यासाठी लोक लांबून यायचे. गाणं ज्या वेगात सुरू होई त्या वेगात ते कधी संपत नसे. अर्ध्यावर आलं की उतारावरच्या हातगाडीसारखं सुटायचं आणि शेवटाला तिघंही घामाघूम होऊन कसेबसे एकदम थांबायचे. एका वर्तमानपत्राने या वेगाला ‘कामगाराचा वाढत जाणारा संताप’ असं म्हटलं होतं. तिघांनी ते वाचलं, एकमेकांकडे बघितलं आणि संताप तर संताप म्हणून सोडून दिलं.

ड्रमच्या मागे बसणाऱ्याला स्वतःच्या धडधडाटापलीकडे काही ऐकू येत नाही. त्या काळी तर त्यांचे स्पीकर असे भिकार होते की भोंगा कुठलं गाणं म्हणतोय हेसुद्धा कधीकधी अंदाजानेच ठरवावं लागे. म्हणून ठोक्याने पहिल्यापासून एक सवय लावून घेतली होती. लांब्या वाजवताना खांबासारखा उभा राहायचा, फक्त त्याची उजवी टाच वरखाली व्हायची. ठोक्या त्या टाचेवर नजर ठेवून वाजवायचा. पुढे ड्रमने आणि हातोडीने मिळून त्याचे कान खाल्ले, बँड वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळी वाजवू लागला, तरी टाच जागेवर होती आणि ठोक्याचं निभत होतं. हे गुपित त्याने लांब्यालाही सांगितलं नव्हतं.

बायकोला अर्थातच माहीत होतं. ती बोलण्याआधी टेबलावर दोन टिचक्या मारायची, तो वर बघायचा, मग ती बोलायची. तिने धरून नेलं म्हणून कानाचं यंत्रही आलं होतं, पण ते शिलाईच्या खणात बटणांमध्ये पडून असे. घातलं की सगळं जग एकदम अंगावर येतं, अशी त्याची तक्रार. ड्रम वाजवताना तर ते नुसती शिट्टी मारायचं.

लांब्या लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या निम्म्या उंच इमारती त्याच्या पान्याच्या जोरावर वरखाली होत होत्या, आणि तो स्वतः राहायचा तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. यावरून त्याची चेष्टा करणं हा मित्रांचा हक्कच होता आणि तोही हसून घ्यायचा. मग एके सकाळी दात घासताना त्याला झटका आला आणि उजवी बाजू गेली. दवाखान्यातून त्याला स्ट्रेचरवरून वर नेलं, तेव्हापासून तो खाली उतरला नव्हता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात तो आणि त्याची मुलगी. मुलगी शाळेत गणित शिकवायची, आणि येताना-जाताना बापाचं सगळं बघायची.

त्या इमारतीत तळमजल्यावरची एक जागा रिकामी होणार होती. तेवढी मिळाली तर लांब्याला पुन्हा रस्ता दिसेल, व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे जाता येईल, चार माणसांत बसता येईल. त्यासाठी पैसे जमवायला जुन्या बँडवाल्यांनी कार्यक्रम ठरवला. ‘खरूज’ येणार, ‘तुंबलेली मोरी’ येणार, आणि शेवटी बिनपगारी. बिनपगारी नसेल तर तिकिटं कोण घेणार, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. बास लांब्याची मुलगी वाजवेल असं ठरलं. बापानेच लहानपणी तिला शिकवलेलं होतं, आणि ती बापापेक्षा नीट वाजवायची.

सगळं जमलं होतं, पण ज्याच्यासाठी चाललं होतं तोच यायला तयार नव्हता. भोंगा त्याला विचारायला गेला तेव्हा लांब्याने भिंतीकडे तोंड केलं. मला समोर खुर्चीत मांडून ठेवाल, लोक येऊन खांद्यावर हात ठेवतील, मी तोंड वाकडं करून हसायचं, हे माझ्याच्याने होणार नाही, असं त्याने अडखळत, थुंकी पुसत सांगितलं. मदत करायची तर करा, प्रदर्शन नको. भोंगा खाली मान घालून तीन मजले उतरला.

तालीम ठोक्याच्या कारखान्यात, फोमच्या गठ्ठ्यांमध्ये ठेवली होती. फोममुळे आवाज बाहेर जात नाही, शेजारी शिव्या देत नाहीत. मुलगी शाळेतून थेट आली, बास गळ्यात अडकवला, आणि ठोक्याने सवयीने तिच्या पायांकडे बघितलं. साध्या चपलांतले दोन पाय, फरशीवर सपाट. एकही हलत नव्हता. ती ताल डोक्यात मोजायची, तिला पायाची गरज नव्हती. भोंग्याने चार आकडे मोजले, ठोक्याने नजरेनेच काहीतरी पकडायचा प्रयत्न केला, आणि पहिल्याच गाण्यात तिघं तीन दिशांना गेले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर भोंगा एक कडवं पुढे होता.

भोंगा एरवी बस स्थानकावर गाड्यांच्या सूचना देण्याची नोकरी करायचा. सबंध दिवस गाडी उशिरा आहे हे गोड आवाजात सांगून सांगून त्याचा रागसुद्धा आता गोड झाला होता. त्याने मुलीला समजावलं, की बेटा, तू ड्रमकडे लक्ष दे, ठोक्या आजवर कधी चुकलेला नाही. ठोक्याला शब्द ऐकू आले नाहीत, पण भोंग्याचे ओठ तो चांगले वाचू शकायचा. मुलगी ‘हो काका’ म्हणाली. तिने मान खाली घातली आणि तारेवरचं बोट बघत राहिली. त्या क्षणी ठोक्याने तोंड उघडायला हवं होतं. त्याने खिळ्यांची डबी उचलून फळीवर ठेवली, मग परत खाली ठेवली.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती ऐकून घेत भांडी पुसत राहिली. मग तिने टेबलावर दोन टिचक्या मारल्या.

“अहो, त्या पोरीने तुमची चूक पदरात घेतली. आधीच तिच्या पदरात काय कमी आहे?”

ठोक्याला रात्रभर तेच वाक्य टोचत राहिलं. सकाळी उठून त्याने ठरवलं, की लांब्याला सांगायचं आणि बँड सोडायचा. दुसरा कुणीतरी ड्रमवाला मिळेल. नाही मिळाला तर कार्यक्रम पडेल, लांब्याची तळमजल्याची जागा जाईल, आणि ते आपल्या बहिऱ्या कानांमुळे जाईल. हा विचार लांब्याच्या जिन्यापाशी मनात आला आणि तो तिथेच थांबला. तरी तो चढला. पण दुपारी घरून निघण्याआधी त्याने एक गोष्ट केली होती. खणातलं यंत्र काढून कानात घातलं होतं. झटक्यापासून लांब्याचे ओठ एकाच बाजूने हलायचे, ते ठोक्याला वाचता येत नव्हते. इतके महिने तो मित्राला भेटायला यायचा, शेजारी बसायचा, मान डोलवायचा आणि घरी जायचा. लांब्याच्या बोलण्यातला एक शब्दही त्याला कळलेला नव्हता.

लांब्या खिडकीशी पडून होता. त्याने ठोक्याच्या कानाकडे बघितलं.

“हे काय?”

ठोक्याने कित्येक वर्षांनंतर मित्राचा आवाज ऐकला. जड झालेला, घसरणारा, पण लांब्याचाच. पुढचं सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. आपण बहिरे आहोत, बऱ्याच वर्षांपासून आहोत, बिनपगारीत आजवर जे वाजवलं ते लांब्याची टाच बघून वाजवलं, आता टाच नाही म्हणून आपणही नाही. तुझ्या पोरीला काल माझ्यामुळे ऐकून घ्यावं लागलं हेही त्याने सांगितलं. आणि खाली बघत बसला.

लांब्याने चादरीखालच्या आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. ठोक्याला वाटलं यंत्र बंद पडलं.

“माझी टाच?” शेवटी लांब्या म्हणाला. “अरे, मी तुझा खांदा बघत होतो.”

“कुठला खांदा?”

“डावा. तू मारायच्या आधी तो उचलतोस. मी त्यावर वाजवत होतो. पहिल्यापासून.”

खोलीत घड्याळाची टिकटिक चालली होती आणि ती ठोक्याला ऐकू येत होती. लांब्या ठोक्याच्या खांद्यामागे, ठोक्या लांब्याच्या टाचेमागे. याची टाच जरा घाईत पडली की त्याचा खांदा धावे, खांदा धावला की टाच आणखी पळे. इतकी वर्षं तालावर कुणीच नव्हतं. कामगाराचा वाढत जाणारा संताप तो हाच. आधी लांब्याचा अर्धा ओठ हलला, मग पोट हललं, आणि मग दोघं असे हसत सुटले की लांब्याला ठसका लागला आणि ठोक्याला त्याला धरून बसवावं लागलं.

मुलगी शाळेतून आली ती याच वेळी. बापाला हसताना बघून ती दारातच थांबली. झटक्यानंतर ती त्याला पहिल्यांदाच हसताना बघत होती. ठोक्याने तिच्यापुढेही सगळं कबूल केलं, आणि चुकलो पोरी, असं सरळ म्हणाला. तिने पिशवी खाली ठेवली, दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

“म्हणजे तुम्ही दोघांनी एकमेकांचं उत्तर बघून लिहिलंय,” ती म्हणाली. “वर्गात मी अशांना वेगवेगळं बसवते.”

मग ती कामाला लागली. बास काढला आणि टाच आपटत वाजवून बघितलं. पण टाच हलली की तिची बोटं चुकायची आणि बोटं सांभाळली की टाच थांबायची. तिने पुन्हा पुन्हा करून बघितलं आणि कपाळाचा घाम पुसला. हे कार्यक्रमापर्यंत जमणार नव्हतं, ते तिघांनाही दिसत होतं. ठोक्या पलंगावरच्या पायांकडे बघत बसला होता. उजवा पाय चादरीखाली ठेवला होता तसा पडलेला. डावा मात्र मघापासून, मुलगी वाजवत असताना, चादरीतल्या चादरीत हलत होता. लांब्याचं स्वतःचंही तिकडे लक्ष नव्हतं.

“लांब्या,” ठोक्या म्हणाला, “तू कार्यक्रमाला चल.”

लांब्याचं तोंड भिंतीकडे वळू लागलं.

“लोकांनी तुला बघायला नको. मला तू दिसायला पाहिजेस. तुझ्या टाचेशिवाय मला वाजवता येत नाही.”

“उजवी गेली.”

“डावी आहे ना?”

“डावीला काही येत नाही.”

“शिकव तिला. आम्हाला तरी कुठे काय येत होतं?”

लांब्या भिंतीकडे वळला नाही. त्याने आपल्या डाव्या पायाकडे, जणू तो कुणा दुसऱ्याचा आहे असं, बराच वेळ बघितलं. मग मुलीला चादर काढायला सांगितली.

पुढचे काही दिवस ठोक्याने गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली आणि एक खुर्ची केली. हलक्या लाकडाची, पण पक्की. दोन्ही बाजूंनी खांद्यावर घ्यायला दांडे, छातीवरून पट्टा, उजव्या बाजूला शरीर कलू नये म्हणून जाड उशी. पायाखाली त्याने मुद्दाम फळी दिली, आणि तिच्यावर फोम घातला नाही. फळीवर टाच पडली की ती दिसली पाहिजे. कापड कुठलं लावायचं यावर बायकोने आणि त्याने चांगलंच भांडण केलं. शेवटी तिचं चाललं आणि खुर्ची लाल झाली. भोंग्याकडेही तो स्वतः जाऊन आला. भोंग्याने ऐकलं, कपाळावर हात मारला, आणि त्याच संध्याकाळी जाऊन मुलीची माफी मागितली. ती मात्र त्याने स्थानकाच्या आवाजात मागितली, त्यामुळे मुलीला हसू आवरेना.

कार्यक्रम दुपारी ठेवला होता, कारण जुन्या पंकवाल्यांना जागरण सोसत नाही. शाळेच्या मोठ्या खोलीत बाकं हलवून जागा केलेली. चामड्याची जाकिटं आली होती, पण बटणं लागत नव्हती. उभे केलेले केस ज्यांचे अजून होते त्यांनी उभे केले, बाकीच्यांनी टक्कल पुसून घेतलं. खरूजचा गिटारवाला कमरेला पट्टा बांधून स्टुलावर बसून वाजवत होता, आणि ‘तुंबलेली मोरी’ने मध्येच गाणं थांबवून गाणाऱ्याला गोळी घ्यायला लावली. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. लांब्याला चौघांनी दांड्यांवर घेऊन तीन मजले उतरवलं होतं. रस्त्यावर येताच त्याने डोळे मिटून घेतले, मग उघडले. व्यासपीठावर त्याची खुर्ची त्याच्या म्हणण्याप्रमाणे ठेवली, लोकांकडे पाठ आणि ड्रमकडे तोंड. खांद्यावर हात ठेवायला कुणाला यायचंच असेल तर ड्रम ओलांडून यावं लागलं असतं.

भोंगा माइकपाशी गेला. बिनपगारी फलाटावर लागत आहे, झालेल्या उशिराबद्दल क्षमस्व, एवढंच म्हणाला. ठोक्याने कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. त्याची नजर फळीवर गेली. डावी टाच वर उठली, थरथरली आणि पडली. पुन्हा उठली. सावकाश होती, पण नेमकी. ठोक्याने हात सोडले.

गाणं कधी नव्हे ते आपल्या चालीने निघालं. मुलीचा बास त्यात अलगद बसला. पुढच्या रांगेत बसलेली ठोक्याची बायको चकित होऊन ऐकत होती. इतकी वर्षं ज्याला ती आरडाओरडा समजत होती त्यात शब्द होते. एक माणूस कामावरून घरी येतो आणि झोपलेल्या मुलांना उठवू नये म्हणून बूट हातात घेऊन जिना चढतो, असं ते गाणं होतं. तिने डोळ्यांना पदर लावला. शेजारच्या बाईलाही लावावासा वाटला असावा, पण तिच्या अंगावर जाकीट होतं.

शेवटचं गाणं सगळ्यात जुनं. त्याच्या मध्यावर टाच अडखळली. एकदा उशिरा पडली, एकदा पडलीच नाही, आणि मग थांबली. लांब्याचा पाय थकून फळीवर पडला होता. त्याने नजर वर केली, तर लांब्या त्याच्याकडेच बघत होता. त्याच्या चेहऱ्याकडे नव्हे. डाव्या खांद्याकडे.

तेव्हा ठोक्याला कळलं, की या वेळी आपल्याला कुणाकडे बघायचं नाही. त्याने खांदा नीट दिसेल असा उचलला आणि मारला. पुन्हा उचलला, पुन्हा मारला. ऐकू काही येत नव्हतं, पण लांब्याचे डोळे खांद्यावरून हलत नव्हते, आणि ते डोळे बरोबर आहे म्हणत होते. थोड्या वेळाने फळीवर टाच हलली. आधी नुसती चाळवली, मग उठली, आणि खांद्याच्या मागोमाग पडायला लागली. ठोक्याला इतका आनंद झाला की त्याने जरा घाई केली. टाचही पळाली. मग खांदा. मुलीने चमकून दोघांकडे बघितलं, काय होतंय ते ओळखलं, आणि बापाच्या बँडमध्ये पहिल्यांदाच हसत हसत मोजणं सोडून दिलं. गाणं सुटलं. खोली उभी राहिली. शेवटाला चौघंही धापा टाकत कसेबसे एकदम थांबले.

तळमजल्याच्या जागेपुरतं जमलं. ते दुसऱ्या दिवशी कळलं, आणि महिनाभरात लांब्या खाली राहायला आला. पण त्या संध्याकाळी त्याला अजून तीन मजले वर न्यायचं होतं. लाल खुर्ची दांड्यांवर घेतली. वरच्या बाजूला भोंगा आणि खरूजचा एक धडधाकट माणूस, खालच्या बाजूला मुलगी आणि ठोक्या. सगळा भार खाली येत होता. पहिल्या जिन्यातच पावलं जुळेनात, खुर्ची हिंदकळू लागली, भोंगा गोड आवाजात ओरडू लागला. लांब्या खुर्चीत उताराकडे तोंड करून बसला होता, ठोक्याच्या समोरासमोर. त्याने काही न बोलता टाच उचलली आणि फळीवर टाकली. ठोक्याने पायरी चढली. टाच पडली, पायरी. टाच पडली, पायरी. पहिला मजला गेला, दुसरा लागला. ठोक्याची मान वर, नजर त्या टाचेवर, आणि लांब्याची नजर त्याच्या खांद्यावर.

“बाबा, काका, हळू,” मुलगी धापा टाकत म्हणाली. “पुन्हा पळायला लागलात.”